घोटण्याची रोजची गाडी

"उतर खाली," आक्का म्हणाल्या.

मी नुकतीच खिडकीजवळची जागा धरली होती. पिशवी मांडीवर घेतली होती, काच सरकवून बघितली होती आणि ती चक्क सरकलीही होती. रंकाळा स्टँडवर रविवारी सकाळी, राधानगरीच्या पुढं धरणाकाठच्या गावांना जाणारी थेट गाडी, आणि तीही निम्मी रिकामी. असा योग माझ्या नशिबी त्याआधी कधी आला नव्हता.

"का? हीच जाते की घोटण्याला. पाटीवर लिहिलंय."

"जाते. पण ही सीझनची गाडी आहे. हिवाळ्यात फिरायला जाणाऱ्यांसाठी सोडतात. उन्हाळा लागला की बंद."

"आक्का, आत्ता डिसेंबर चाललाय. आणि आपल्याला आजच जायचंय."

"रोजची गाडी पलीकडं लागते. ती फाट्यापर्यंत जाते, तिथनं पुढं दुसरी. आपण तिनं जाऊ."

"थेट गाडी सोडून दोन गाड्या करायच्या?"

"उतर गं शैला. वाद घालू नकोस, लोक बघायला लागलेत."

लोक बघत होतेच, पण ते माझ्या साडीकडं. आदल्या दिवशी संध्याकाळी आक्कांनी माझ्या कपाटातून जांभळी इरकल काढून पलंगावर ठेवली होती आणि उद्या हीच नेस म्हणून बजावलं होतं. धुळीच्या रस्त्यानं, ऊस बघत, डोंगरात जायचं आणि अंगावर लग्नाकार्यातली साडी. मी विचारलं तर म्हणाल्या, "फोटोबिटो निघाला तर बरं दिसतं." आमच्या घरात कॅमेरा नव्हता.

मी उतरले. माझ्या जागेवर लगेच एक बाई येऊन बसली आणि तिनं ती काच आणखी सरकवली.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, इंदुमती. माझे यजमान विलास यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. सासूबाई गेल्या तेव्हा विलास शाळकरी होते. आक्कांनी टेलिफोन खात्यात नोकरी धरली, भावाला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि या सगळ्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. माझं लग्न झालं तेव्हापासून आम्ही दोघी एकाच ओट्यापुढं उभ्या. आमटीत गूळ किती घालायचा यावरून आमचं कधी जमलं नाही आणि बाकी कशावरून फारसं अडलं नाही.

त्या रिटायर झाल्या आणि माझ्यामागं ही सहलींची साडेसाती लागली. आठवडाभर घरी बसल्या की रविवारी त्यांचे पाय शिवशिवायचे. खिद्रापूर, नरसोबाची वाडी, पन्हाळा, गगनबावडा, रामलिंग. सगळं एसटीनं, आणि एका दिवसात. मुक्काम म्हणून करायचा नाही. कुठली गाडी कुठं मिळते, कुठं उतरून कुठं वळायचं, चहा कुठं बरा मिळतो आणि बायकांची सोय कुठं आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पेठेतल्या बायका पाहुणे आले की आमच्या दारात यायच्या. "आक्का, जाऊबाई आल्यात, उद्या कुठं नेऊ?" मग आक्का पायरीवर बसून त्यांना रस्ता सांगायच्या. या सहलींना त्यांना सोबत लागत नव्हती, पण विलास म्हणायचे, एकटीला कसं सोडायचं, शैला जाईल. शैला जाईल, असं म्हणून ते पेपर उघडायचे. मुलगी पुण्याला हॉस्टेलला गेल्यामुळं मला दुसरं काही कामही नाही, असा त्यांचा समज होता.

तर आम्ही रोजच्या गाडीनं निघालो. तिच्यात उभं राहायलाच जागा होती. इरकलीच्या काठावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा उमटला. माझ्या हातातल्या पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा होता, तो मी छातीशी धरला होता. लाडूही आदल्या दिवशी आक्कांनीच करायला लावले होते. "कशाला?" "वाटेत कुणी भेटलं तर." खिद्रापूरच्या वाटेवर कुणी भेटलं तर आम्ही शेंगा द्यायचो.

राधानगरी मागं पडलं तशी गर्दी ओसरली आणि बसायला मिळालं. रस्ता वर चढू लागला. एका वळणावर अचानक झाडी बाजूला झाली आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. निळं, शांत, डोंगरांच्या मधनं लांबवर आत शिरलेलं. पाण्याच्या कडेला कोवळ्या गवताची हिरवी किनार. माझा राग क्षणभर विरघळला.

"आक्का, बघा तरी."

आक्का ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत होत्या. "घाटाचा एवढाच तुकडा आहे," त्या म्हणाल्या. "फार नाही. तुला गाडी लागत नाही ना?"

"मला कधी गाडी लागलीय?"

"म्हणजे एकटी असलीस तरी काही त्रास नाही."

या बोलण्याचा काय अर्थ करायचा ते मला कळलं नाही. मी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं, तोवर पाणी गेलं होतं आणि कारवीचं रान लागलं होतं.

फाट्यावर उतरलो. एक चहाची टपरी, एक मोठं फणसाचं झाड आणि त्याखाली दगड मांडून केलेली बसायची जागा. पुढची गाडी यायला वेळ होता. थेट गाडी आमच्या डोळ्यांदेखत फाट्यावरनं वळली आणि घोटण्याच्या रस्त्याला लागली. खिडकीत ती बाई झोपलेली दिसली. मी आक्कांकडं बघितलं. त्या टपरीवाल्याशी बोलत होत्या.

"पावसाळ्यात गाडी घोटण्यापर्यंत जाती काय हो?"

"जाती की. ओढ्याला पाणी चढलं तर अलीकडंच थांबती."

"मग गावातली माणसं काय करतात?"

"पाणी उतरायची वाट बघत्यात. न्हाईतर वरनं, पुलावरनं चालत येत्यात."

आक्का विचारात पडल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "पुलावरनं येता येतं म्हणजे ठीक आहे."

"कुणाला ठीक आहे?" मी विचारलं. "आपण पावसाळ्यात पुन्हा यायचंय का इथं?"

"विचारून ठेवलेलं बरं असतं."

"आक्का, पेठेतल्या कुणाच्या जाऊबाईला भर पावसात घोटण्याला पाठवणार आहात तुम्ही?"

त्यांनी मला चहा आणून दिला. चहा गोड मिट्ट होता. माझ्या डोक्यात तेव्हा एकच हिशेब चालला होता, की आता परत गेल्यावर विलासना स्पष्ट सांगायचं, पुढच्या रविवारी तुम्ही जा. तुमची बहीण आहे.

दुसरी गाडी आली. ती खडखडत आम्हाला घोटण्यात घेऊन गेली. गाव लहान, उतारावर पसरलेलं, खाली धरणाचं पाणी. थेट गाडीतनं आलेली मंडळी पाण्याकाठी सतरंज्या टाकून केव्हाच बसली होती. मीही तिकडं वळले.

"तिकडं नाही," आक्का म्हणाल्या. "आधी एका ठिकाणी जाऊन यायचंय. ओळखीचे आहेत."

"घोटण्यात तुमच्या ओळखीचं कोण?"

"तू मागं तुझ्या भाचीच्या बारशाला गेली होतीस, तेव्हा मी इकडं एकटी आले होते. तेव्हा गाडीत ओळख झाली. गुरांचे डॉक्टर होते, रिटायर झालेत. तेव्हापासून एखाददुसरं पत्र असतं." आणि मग माझा पदर सारखा करत म्हणाल्या, "तोंड पुसून घे. धूळ बसलीय."

घर बैठं, मंगलोरी कौलांचं. अंगण नुकतं सारवलेलं. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. त्यांच्या शर्टाच्या घड्या बघून कळत होतं की तो आज पहिल्यांदाच पेटीतनं निघालाय. आक्कांनी ओळख करून दिली. "हे बेळगुंदकर डॉक्टर. ही आमची शैला." त्यांनी मला नमस्कार केला, तो इतक्या वाकून की मी गोंधळून मागं सरले. वयानं ते आक्कांपेक्षाही मोठे असावेत.

सोप्यात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. दोन एका बाजूला, एक समोर. डॉक्टर समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. माझ्या हातातला डबा आक्कांनी घेतला आणि लाडू शैलानं केलेत असं सांगून त्यांच्यापुढं ठेवला.

"प्रवासाचा त्रास झाला नाही ना?" त्यांनी विचारलं. आक्कांना नाही, मला.

"दोन गाड्या कराव्या लागल्या," मी म्हणाले. "थेट गाडी असताना."

"ती सीझनची. तिच्यावर विसंबून चालत नाही." त्यांनी घसा साफ केला. "मला साखर नाही. ब्लडप्रेशर थोडं आहे, पण गोळी चालू आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं."

मी म्हटलं, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार.

मग त्यांनी मला घर दाखवलं. एवढं सविस्तर घर मला आमच्या घरमालकानंही कधी दाखवलं नव्हतं. विहिरीला बारमाही पाणी आहे. वीज जाते, पण कंदील आहेत. संडास नुकताच आतल्या बाजूला बांधून घेतलाय, रात्री बाहेर जावं लागत नाही. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा नवा होता, त्याच्या कडाप्प्याला अजून सिमेंटचे डाग होते. "पूर्वी चूल होती," ते म्हणाले, "पण आता खाली बसून कुणाला जमायचं." त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बेळगावला होता. "त्याची काही हरकत नाही," ते म्हणाले. "सूनबाईंचीही नाही."

कशाला हरकत नाही, ते मला विचारायचं होतं, पण तेवढ्यात ते पोहे घेऊन आले. पोहे त्यांनीच केले होते. खालून थोडे लागले होते आणि लिंबू फार पडलं होतं, पण वर खोबरं, कोथिंबीर सगळं रीतसर पेरलेलं होतं. मला भूक लागलीच होती. मी खायला लागले. आक्का खात नव्हत्या. बशी हातात धरून जमिनीकडं बघत होत्या. एवढ्या वर्षांत मी आक्कांना जमिनीकडं बघताना कधी पाहिलं नव्हतं. साहेबाशी असो की कंडक्टरशी, त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायच्या.

डॉक्टरांनी पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसून गुडघ्यांवर हात ठेवले आणि मला म्हणाले, "आता तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

माझा चमचा बशीतच राहिला. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं होतं. माझ्या वेळी, माझ्या बहिणींच्या वेळी, चुलत नणंदांच्या वेळी. पोह्यांच्या बशा, समोरासमोर खुर्च्या, घडीचे कपडे. फक्त ते मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी आक्कांकडं बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

मला संताप चढला. मला सकाळपासून गाड्या बदलायला लावून, इरकल नेसवून, लाडू वळवून घेऊन, हिनं मला स्थळ बघायला आणलं होतं. मुलीकडची माणसं म्हणून. एकटीला.

"आक्का घोरतात," मी म्हणाले. "ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"शैला," आक्का म्हणाल्या.

"मला या कानानं कमी ऐकू येतं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "त्या बाजूला झोपेन."

"आणि आमटीत गूळ लागत नाही त्यांना. अजिबात."

"मी आमटीत गूळ घालत नाही."

त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. मी उरलेले पोहे संपवले. ते लागलेले होते, तरी संपवले.

परतीच्या गाडीसाठी आम्ही फाट्यावर येऊन त्या फणसाखाली बसलो. ऊन कलत होतं. मी आक्कांपासून मुद्दाम अंतर ठेवून बसले.

"बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू? आधी सांगता आलं नसतं तुम्हाला?"

"आधी सांगितलं असतं तर तू विलासला सांगितलं असतंस. मग तो आला असता, नाहीतर तुला येऊ दिलं नसतं. तो आला असता तर त्यानं घर बघितलं नसतं, माणूसही बघितला नसता. नुसता माझ्याकडं बघत बसला असता."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"इथं कसं राहणार तुम्ही? वीज जाते, गाडी बुडते. आणि आमचं काय कमी पडलं? मी कधी तुम्हाला टाकून बोलले?"

"नाही बोललीस."

"मग?"

 टपरीवाला पेले विसळत होता.

"शैला, तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझी आई आमच्या घरी आली होती. आठवतं? स्वयंपाकघर बघितलं, मोरी बघितली. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, हिला माहेरी यायचं झालं तर गाडी कुठनं मिळते. मी हसले होते तेव्हा. म्हटलं, मुलगी अजून यायची आहे आणि ही परत न्यायच्या गाड्या विचारतेय." त्यांनी साडीवरचं वाळलेलं पान उचलून बाजूला टाकलं. "आता माझ्या बाजूनं हे विचारायला कोण आहे? आई नाही. विलास पुरुषमाणूस. राहिलीस तू. मला तुला दाखवायचं होतं की रोजच्या गाडीनं सकाळी इथनं निघालं, तर तुझ्याबरोबर बसून जेवून, दिवे लागायच्या आत माघारी येता येतं. सीझनच्या गाडीनं आलो असतो तर तुला ते कळलं नसतं."

 मला रडू येत होतं आणि ते मला त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. त्या वयानं माझ्या आईजागी, आणि माहेर म्हणून बोट दाखवत होत्या माझ्याकडं. गाडी आली तेव्हा त्या आधी चढल्या आणि खिडकीची जागा मला ठेवली. मी बसले. घाटात पाणी पुन्हा दिसलं. या खेपेला त्याही बघत होत्या.

घरी त्यांनी विलासना जेवतानाच सांगितलं. सरळ, दोन वाक्यांत. विलासनी हातातला घास ताटात ठेवला.

"या वयात?" ते म्हणाले.

"आधीच्या वयात वेळ नव्हता मला," आक्का म्हणाल्या आणि ताक वाढून घेतलं.

नंतरचे दिवस नको वाटतात. विलास आक्कांशी बोलेनात आणि सगळा राग माझ्यावर. लोक काय म्हणतील, बहीण जड झाली म्हणून उजवली म्हणतील. तिला नाही कळत, तुला तरी कळायला हवं होतं. मी पहिल्यांदा ऐकून घेतलं. माझंही मन आक्कांच्या बाजूनं पुरतं नव्हतंच. त्या गेल्यावर ओट्यापुढं एकटं उभं राहायचं, या विचारानं मी आमटी दोनदा करपवली होती. पण एके दिवशी विलास म्हणाले, "तिकडं तिला भाकरी कोण करून घालणार आहे?" आणि माझा तोल गेला.

"इथं कोण घालत होतं?" मी म्हणाले. "मी यायच्या आधी तुम्हाला कुणी करून घातली? त्या माणसानं स्वतःच्या हातानं पोहे केले होते. करपलेले होते, पण केले होते. तुम्ही कधी आक्कांना पाण्याचा तांब्या दिलाय? रविवारी त्यांच्याबरोबर जायला मी, सोबत म्हणून मी, आणि त्यांचं वाटोळं होतंय म्हणून रडायला तेवढे तुम्ही."

लग्न झाल्यापासून मी त्यांना असं बोलले नव्हते. ते उठून बाहेर गेले. आक्का मधल्या खोलीत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण त्यांनी त्याबद्दल मला कधी काही विचारलं नाही.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. बेळगावहून मुलगा आणि सून आली होती. साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली तेव्हा विलास पुढं झाले, सही केली आणि पुन्हा मागं जाऊन भिंतीशी उभे राहिले. पेढा घेतला, खाल्ला नाही. आक्का रोजच्या गाडीनं घोटण्याला गेल्या.

पहिल्या खेपेला मी एकटी निघाले तेव्हा चुकीच्या फाट्यावर उतरले. एवढ्या सहली करूनही मी कधी रस्त्याकडं लक्ष दिलं नव्हतं, ते काम आक्कांचं. उन्हातनं चालत, चिडून, घामानं निथळत पोचले तर डॉक्टरांनी पाणी आणून दिलं आणि आक्का म्हणाल्या, "आधी जेव, मग भांड." नंतर मला सवय झाली. त्या यायच्या, मी जायची. विलास दोन्ही वेळी पेपर वाचायचे. त्या आल्या की विचारायचे, "बरी आहेस?" आणि त्या म्हणायच्या, "बरी आहे." एवढंच.

दिवाळी आली. दरवर्षी भाऊबीजेला आक्का सकाळीच पाट मांडायच्या. त्या वर्षी सकाळी विलास आंघोळ करून आले, रिकाम्या जागेकडं बघितलं आणि आतबाहेर करू लागले.   मी माझी पिशवी भरून चपला पायांत घातल्या.

"कुठं निघालीस?"

"घोटण्याला. फराळाचं द्यायचंय."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले, "सुट्टीच आहे. धरणात पाणी पुष्कळ आहे म्हणतात यंदा."

गाडीत ते सबंध वाट खिडकीबाहेर बघत बसले. घोटण्यात उतरल्यावर घराकडं जाताना त्यांची चाल मंद होत गेली. आक्का अंगणात होत्या. भावाला बघून त्या जागच्या जागी थांबल्या. विलास पायऱ्यांच्या खाली उभे राहिले आणि डॉक्टरांना म्हणाले, "धरण बघायला आलो होतो. वाटेत तुमचं घर लागलं."

घर वाटेत नव्हतं. धरणाचा बांध तर केव्हाच मागं राहिला होता. डॉक्टर म्हणाले, "या की. या."

आक्का आत गेल्या. पाट ओढल्याचा आवाज आला. विलास बसले, तेव्हा लक्षात आलं की त्यांनी टोपी आणलेली नाही. डॉक्टरांनी डोक्यावरची आपली टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती मोठी होती, कानांपर्यंत खाली आली. आक्कांनी ताट एका हातावर तोललं, दुसऱ्या हातानं ती टोपी वर सरकवून नीट बसवली आणि ओवाळायला सुरुवात केली.